आजारपण, अपघातानंतर पुन्हा कामावर रुजू होताना

सांजवात
काल माळा आवरताना जुन्या फायलीत फिटनेस सर्टिफिकेट सापडलं, २०१५ चं. 'हलके काम करण्यास हरकत नाही' एवढी एकच ओळ. रिक्षा उलटून खुब्याचं हाड मोडलं होतं, चार महिने घरी. रुजू झाले त्या दिवशी हार, पेढे, साहेबांचं छोटं भाषण, सगळं झालं. आणि अकराच्या सुमाराला लक्षात आलं की आख्ख्या इमारतीत कमोड नाही. उकिडवं बसायला तर डॉक्टरांची सक्त मनाई. सांगायची लाज, म्हणून दोन आठवडे मी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. आमच्या शिपाईमामांनी ओळखलं, कसं ते देव जाणे. कुठूनशी मधे भोक असलेली खुर्ची आणली, ती भांड्यावर बरोब्बर बसायची. कुणाला काही न बोलता दाराआड ठेवली, वर पोतं टाकलं. अर्जबिर्ज करून खरा कमोड बसायला सव्वा वर्ष लागलं, तोवर माझी काठीसुद्धा सुटली होती!
लिहा तुम्ही पण. स्वतःचं, शेजारच्या टेबलावरच्याचं, कसंही.

खडूफळा
उजव्या स्तनाचं ऑपरेशन, वर्ग चौथीचा. हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहायचे. मागच्यांना दिसायचं नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर मागचे बाक रिकामे, पोरं सगळी पुढे सतरंजीवर. केमोत केस गेलेले. एकीने विचारलं, बाई तुम्ही पण तिरुपतीला केस दिले का? म्हटलं हो. मग लाडू कुठाय म्हणे.
त्या हाताला अजून सुई नाही, बीपी नाही, वह्यांचा गठ्ठा नाही.

निवांत_नाना
लाडू :)))
माझे दोन स्टेंट. हजर झालो तर कुणी कामच देईना. 'तुम्ही बसा हो नाना.' फाइल उचलली की दोघं धावत येणार. भजीची बशी माझ्या डोक्यावरून पलीकडे. अहो, हृदयाचं झालंय, डोक्याचं नाही! त्यात एक जण रोज घरून दुधीचा रस आणायचा.

मिरची_लोणचं
नाना, दुधी कडू निघाला तर एक घोटसुद्धा घेऊ नका हं. विषबाधा होते. माझ्या नणंदेला ॲडमिट करावं लागलं होतं.

निवांत_नाना
कुंडीत ओतायचो. कुंडी ठणठणीत आहे.

भोसरीकर
प्रेसवर दोन बोटं गेली, २०१८. कंपनीचं नाव नको. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बांधून ठेवला होता, नग जास्त निघावेत म्हणून. ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, पैसे मिळाले. साध्या आजारपणाला पगाराच्या ७० टक्के आणि कामावरच्या अपघाताला ९० टक्के, हे शॉपमधे कुणालाच ठाऊक नव्हतं. अपघाताची नोंद नीट करून घ्या, ती आजार म्हणून गेली की बसा बोंबलत. परत प्रेससमोर उभं केलं तर पाय पेडलवर जाईना. घामाघूम. सुपरवायझरने एक शब्द न बोलता स्टोअरला नेऊन बसवलं, अजून तिथंच आहे. मी पर्मनंट होतो म्हणून. शेजारच्या मशीनवरच्या कंत्राटी पोराचं एकच बोट गेलं, तो परत गेटवर दिसला नाही.

कल्याणफास्ट
कॅन्सरच्या पेशंटना लोकलच्या दिव्यांग डब्यातून जाता येतं, माहीत असेलच. बायको डोंबिवलीहून जायची. रोज कुणीतरी 'धडधाकट दिसता की'. एकदा चिडून तिने स्कार्फच काढला. दुसऱ्या दिवसापासून कल्याणहून येणारे एक कुबडीवाले काका तिच्यासाठी जागा धरायला लागले.

नियमाप्रमाणे
सरकारी नोकरीत असाल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०(४) वाचा. सेवेत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पदावनती करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद, तेही नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा असं पद. तोंडी सांगत बसू नका. अर्ज द्या, पोच घ्या.

भोसरीकर
आणि खासगीत?

नियमाप्रमाणे
हे कलम सरकारी आस्थापनांसाठी आहे.

भोसरीकर
वाटलंच.

ऱ्हाइनकाठी
इकडे जर्मनीत माझ्या पाठीच्या ऑपरेशननंतर आधी रोज दोन तास, मग चार, मग सहा असं चढवत नेलं. हॅम्बुर्ग मॉडेल म्हणतात. तेवढे आठवडे पैसे आरोग्य विम्याकडून. दोन तास झाले की बॉस स्वतः येऊन सांगायची, नीघ आता. मला उगाच चोरट्यासारखं वाटायचं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, दोन तासांसाठी एवढ्या थंडीत आंघोळ करून जातोस?

खडूफळा
आई ग्रेट!

मिरची_लोणचं
कुकर लावून आले. सांजवात, ती भोकाची खुर्ची कुठे मिळते? सासूबाईंचा गुडघा बदललाय आणि पुढच्या महिन्यात गावी लग्न आहे.

सांजवात
सर्जिकलच्या दुकानात कमोड खुर्ची म्हणून माग. घेताना पायांना रबरी बुचं आहेत ना बघ, ओल्या फरशीवर सरकते. मामांनी आमच्या खुर्चीला सायकलची ट्यूब गुंडाळली होती. आणि गावच्या संडासाचं दार आत उघडतं की बाहेर ते आधी फोन करून विचार.