प्रतिसाद: शाहूपुरीतली जुनी पेढी

वर एकांनी विचारलंय, राजवाडा नाही, देऊळ नाही, मग गुळाच्या पडक्या पेढीत हेरिटेज कसलं? अहो, कोल्हापूरला व्यापारी शहर केलं ते ह्याच पेढ्यांनी! मिरजेहून रेल्वे आली 1891 ला. शाहू महाराजांनी शाहूपुरी ही पेठ वसवली 1895 ला, गुळाच्या बाजारासाठीच. स्टेशन हाकेच्या अंतरावर.

आता त्या पेढीचं जोतं बघा. रस्त्यापासून उंच, म्हणजे बैलगाडीतला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, न उचलता थेट आत सरकवता यावा. आत तुळईला तागडीचा लोखंडी आकडा अजून आहे. खाली वखार, पुढं गादी, माडीवर बिऱ्हाड. ही रचना वाड्यातही नाही आणि आजच्या कॉम्प्लेक्समध्ये तर नाहीच.

नुसता दर्शनी भाग ठेवून मागं टॉवर उभा करायचा, ही वर आलेली सूचना मला पटत नाही. मग उरतो तो फक्त सेल्फी पॉइंट. मालकाचंही पोट आहे, मान्य. त्यासाठी टीडीआरचा, म्हणजे इथं न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा, मार्ग आहे, पण आधी इमारत हेरिटेज यादीत यायला हवी. तिथंच घोडं अडतंय. तोवर निदान गळणाऱ्या कौलांवर ताडपत्री तरी घाला, पावसाळा तोंडावर आलाय.