अटकेची कारणे मराठीत मिळावीत का?

खानापूरकर: वरळीतील मोटार अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये असे ठरवले की, गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणे आरोपीला लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, तातडीच्या प्रसंगी ती तोंडी सांगितली, तरी कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी प्रत त्याला मिळाली पाहिजे. आपल्या बेळगाव सीमाभागात पोलीस ठाण्यातील कामकाज कन्नडमध्ये चालते आणि मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांना ते कागद वाचता येत नाहीत. अशा आरोपीला मराठी प्रतच मिळायला हवी.

निवृत्त फौजदार, चिकोडी: रायचूरहून बदलून आलेल्या अधिकाऱ्याने मध्यरात्री मराठी लिहिणारा माणूस कोठून आणावा? शिवाय बाजारात कन्नड बोलणाऱ्यांना अटक होताच ते समजेनासे होते, हे मी सेवेत पाहिले आहे. कागदाच्या भाषेवरून आरोपी सुटला, तर फिर्यादीला काय सांगायचे?

वकील, बेळगाव: फौजदारसाहेब, बाजारात भाव ठरवण्यापुरते कन्नड येणाऱ्याला आरोपपत्राचे कन्नड कळतेच असे नाही. १९६२ मध्ये हरिकिसन प्रकरणात स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती आणि पोलीस अधिकाऱ्याने ती हिंदीत तोंडी समजावलीही होती. तरीही, इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाला तेवढे पुरेसे नाही, असे न्यायालयाने म्हटले. आणि असा आरोपी सुटला म्हणजे निर्दोष ठरला असे नव्हे, कारण लेखी कारणे देऊन पोलिसांना पुन्हा कोठडी मागता येते.

निवृत्त फौजदार, चिकोडी: मग खात्याने दोन्ही भाषांतील छापील नमुने द्यावेत.

वकील, बेळगाव: तेथेच अडचण आहे. पळून जाईल, पुरावा नष्ट करील, ही कोणत्याही अटकेला लागू पडणारी सर्वसाधारण कारणे झाली. या विशिष्ट माणसाला कशासाठी धरले, ते वेगळे सांगावे लागते, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येच स्पष्ट केला. तो मजकूर छापून ठेवता येणार नाही. मराठी जाणणाऱ्या शिपायाकडून तो लिहून घ्यावा.

निवृत्त फौजदार, चिकोडी: म्हणजे उलटतपासणीला त्या शिपायालाही सामोरे जावे लागेल, आणि स्वतःला वाचता न येणाऱ्या कागदावर अधिकाऱ्याने सही करायची. मी ती केली नसती.

खानापूरकर: आरोपीकडून मात्र तशीच सही घेतली जाते.