मदत हवी आहे: चार कॉम्प्युटर, ४१ मुलं

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो. यंदा संगणकाच्या तासिकाही गळ्यात पडल्या. नववीत ४१ मुलं, लॅबमध्ये दहा मशीन, चालू चार. आठवड्याला दोन तासिका. त्यातली एक लाइन गेल्यानं बुडते.

मोबाइल मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. पण सेव्ह केलेली फाइल गेली कुठं, हे एकालाही सांगता येत नाही. दिवाळीनंतर एका पोराच्या वडिलांनी 'पैसे जमा होतील' म्हणून आलेला कोड स्कॅन करून पिन टाकला. कापसाच्या चुकाऱ्यातले चार हजार गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न, "सर, पैसे याले बी पिन लागते का जी?" पिन देताना लागतो, घेताना नाही, एवढं आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फळ्यावर लिहिला. इनपुट-आउटपुट घोकण्यापेक्षा तो तास बरा गेला.

आता अडलंय ते असं. मराठी टायपिंग कुठल्या कीबोर्डवर शिकवू? मी टाइपरायटरवर शिकलेला, 'कि' लिहिताना वेलांटी आधी मारतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डमध्ये आधी क, मग वेलांटी. पोरं तर इंग्रजी अक्षरांतूनच मराठी लिहितात. शिवाय एका मशीनची तारीख दर वेळी २००९ वर जाते, आणि हॉटस्पॉट जोडला की सगळ्या साइट 'सुरक्षित नाही' म्हणतात. व्हायरस असेल का?

प्रतिसाद:
व्हायरस नाही सर, मदरबोर्डवरचा तारीख-वेळ जपणारा सेल संपला. सीआर २०३२ मागा, घड्याळवाल्याकडं मिळतो. तारीख चुकली की साइटच्या सर्टिफिकेटची, म्हणजे ती खरी असल्याच्या दाखल्याची, मुदत जुळत नाही, म्हणून ती बोंब.

टायपिंग इन्स्क्रिप्टच शिकवा. क-ख एका बटणावर, ग-घ एका बटणावर, शिफ्ट दाबला की दुसरं. बाराखडी येणाऱ्या पोराला ते पटकन बसतं. तुमचाच हात अडेल, त्यांचा नाही! मशीन कमी असतील तर पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून द्या, पाळी येईस्तोवर बोटं फिरवतील. आणि किविक्स हे सॉफ्टवेअर बघा, मोफत आहे. मराठी विकिपीडिया पेनड्राइव्हवर घेतला की नेटशिवाय वाचता येतो.

धागाकर्ता:
धन्यवाद जी. सेल बाजाराच्या दिवशी आणतो. पुठ्ठे उद्याच, चपलांच्या दुकानातून. सोमवारी लाइन राहिली तर कळवतो.