मदत हवी आहे: एसीचा ब्लोअर आधी फक्त चारवर चालायचा, आता पूर्ण बंद

ऐरोलीकर:
पेट्रोल हॅचबॅक, नॉबवाला साधा एसी, चार स्पीड. आधी १, २, ३ वर पंखा बंद पडला, फक्त ४ वर चालायचा. आता ४ वरही ढिम्म. ब्लोअरचा ३० अँपिअरचा फ्यूज शाबूत आहे. गाडी रस्त्यालगत विलायती शिरीषाखाली उभी असते. गॅरेजवाला म्हणतो मोटर गेली, नवीन टाका. खर्च करण्याआधी घरी काय तपासता येईल? मल्टिमीटर आहे.

माजिवडा_जंक्शन:
ज्या क्रमाने बंद पडलं त्यातच निम्मं उत्तर आहे. १ ते ३ वर करंट रेझिस्टरमधून (पंख्याचा वेग कमी करणारा भाग) जातो, ४ वर त्याला वगळून थेट. म्हणजे आधी रेझिस्टर गेला, बहुतेक त्याच्यावरचा थर्मल फ्यूज (जास्त तापला की तुटणारा). ४ बंद होणं हा दुसरा बिघाड, पण मूळ एकच असू शकतं: मोटर जड फिरतेय आणि जादा करंट ओढतेय.

ग्लोव्ह बॉक्स उतरवा. मोटरचा कपलर (वायरींचा प्लग) काढा, चावी ऑन, नॉब ४ वर, एसीचं बटण बंद. कपलरच्या दोन पिनांमध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावा. मल्टिमीटरवर विसंबू नका. तो करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे जळक्या पिनेतूनही १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग ठीक, दोष मोटरमध्ये. मंद पेटला तर वाटेत कुठेतरी कॉन्टॅक्ट जळलाय. पेटलाच नाही तर बल्बचं एक टोक बॉडीला आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही पिनांना लावा. एकीवर तरी पेटला तर सप्लाय येतोय, अर्थची (बॉडीकडे परत जाणारी) बाजू तुटलीय. बऱ्याच गाड्यांत स्पीडचा स्विच अर्थच्या बाजूला असतो.

मग मोटरला बॅटरीवरून थेट सप्लाय द्या, मध्ये २० अँपिअरचा फ्यूज घालूनच.

वाशी_सेक्टर१७:
रेझिस्टरचा कपलरही काढून बघा. अनेक गाड्यांत चारचा करंटही त्याच कपलरमधून पुढे जातो, आणि फक्त चारवर पंखा चालवत राहिलं की तीच पिन तापते. आणि कोणी ४० चा फ्यूज सुचवला तर साफ नाही म्हणा. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो मोठा केला की डॅशबोर्डमागे वायर पेटते.

ऐरोलीकर:
बल्ब मंद, लालसर. रेझिस्टरचा कपलर हलवला की उजळतो. त्यातली एक पिन तपकिरी, भोवतीचं प्लास्टिक वितळलंय. मोटर थेट सप्लायवर फिरते, पण हळू आणि किरकिरत. ब्लोअरच्या पंख्यात पानांचा ओला लगदा होता. तो काढला तरी हाताने फिरवताना अडकते.

माजिवडा_जंक्शन:
मग गॅरेजवाला मोटरबाबत बरोबर आहे, पण नुसती मोटर टाकून पंखा चालणार नाही. मोटर, रेझिस्टर आणि वायरसकट नवा कपलर, तिन्ही एकदम बदला. जुन्या कपलरमध्ये नवा रेझिस्टर खोचला तर सैल पिन पुन्हा तापेल. वायर मूळ जाडीचीच घ्या, सांधा क्रिम्प करून (धातूची नळी दाबून) वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). पिळून टेप गुंडाळलेला सांधा इथे टिकत नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनी मोटर स्वस्तात मिळते, पण तिचे कार्बन (आतले ब्रश) किती झिजलेत ते बाहेरून कळत नाही. मोटर नवीच घ्या.

बसवल्यावर डीसी क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवायचा मीटर) चारवरचा करंट मोजा. छोट्या गाडीत २० अँपिअरच्या आत हवा. साध्या मल्टिमीटरची १० अँपिअरची रेंज वापरू नका, त्याचाच फ्यूज उडेल.

वाशी_सेक्टर१७:
पानं आणि पाणी आत कुठून आलं तेही शोधा. शिरीषाची बारीक पानं वायपरखालच्या जाळीतून सहज आत जातात आणि पाणी निघायची भोकं बुजवतात. पावसात तिथे साचलेलं पाणी ब्लोअरवर उतरतं. जाळी काढून साफ करा, मग तांब्याभर पाणी ओतून ते गाडीखाली गळतंय का बघा. गळेपर्यंत नवी मोटर बसवू नका. केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) चोंदला असेल तर तोही बदला. रेझिस्टर त्याच वाऱ्यावर थंड होतो, वारा कमी पडला की नवाही जळेल.