ध्यानात उमगलेले सत्य कितपत खरे मानावे?

वाशीकर :
मानवी डोळ्याला साधारणपणे ३८० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश दिसतो आणि तरुण, निरोगी कानाला २० ते २०,००० हर्ट्झच्या दरम्यानचाच ध्वनी ऐकू येतो. येऊरच्या जंगलात किडे टिपणारी वटवाघळे डोक्यावरून ओरडत जातात, पण त्यातले बहुतेक आपल्या कानी पडतच नाही. इंद्रिये इतकी तोकडी असताना, डोळे मिटून बसल्यावर ‘आतले सत्य’ गवसते असे ध्यानवर्गात सांगतात. ज्या मनाला बाहेरचे जग अर्धेमुर्धे कळते, त्याला आतले तरी पुरते कसे कळावे? जाणकारांनी खुलासा करावा.

नौपाडेकर :
मर्यादा केवळ पल्ल्याची नाही, हे आधी लक्षात घ्यावे. वहीच्या रेघी पानावर एकाच रेघेवर डावीकडे फुली आणि उजवीकडे ८ सेंटिमीटरवर ठसठशीत ठिपका काढा. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडेच पाहत वही हळूहळू जवळ आणा. सुमारे ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. गंमत अशी की तिथे भोक दिसत नाही, रेघ सलग दिसते. नेत्रपटलावर चेतातंतू जिथून बाहेर पडतो तिथे प्रकाशग्राही पेशीच नसतात आणि ती उणीव मेंदू बेमालूम भरून काढतो. असाच मेंदू ध्यानातही काही रचत नसेल कशावरून?

ऐरोलीकर :
सांख्य दर्शनाचा जुना ग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेच्या सातव्या कारिकेत (श्लोकात) वस्तू न कळण्याची आठ कारणे दिली आहेत : अतिदूर असणे, अतिजवळ असणे, इंद्रियाची हानी, मन ठिकाणावर नसणे, सूक्ष्मता, आडोसा, प्रबळ वस्तूने झाकले जाणे आणि सारख्यात मिसळून जाणे. ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलात डोके घातलेल्या प्रवाशाला घणसोलीची उद्घोषणा ऐकू येत नाही, ते चौथे कारण, आणि माझ्या मते ध्यानाचा थेट इलाज तेवढ्यावरच चालतो. ध्यानाने कोणाला अतिनील किरण दिसू लागत नाहीत. मात्र मांडी घालून बसल्यावर गुडघा दुखू लागला की ठणका, उष्णता आणि ‘हे आता थांबावे’ ही धुसफूस यांचे एरवी एकच गाठोडे झालेले असते. ते हळूहळू सुटे होताना दिसते.

वाशीकर :
म्हणजे बाहेरच्या जगाविषयी ध्यानातून काही निष्कर्ष काढू नये, असे आपले म्हणणे आहे काय?

ऐरोलीकर :
होय. काढलाच, तर इतर कोणत्याही दाव्यासारखा तो पारखून घ्यावा. अनुभव उत्कट होता, हा काही पुरावा नव्हे.

नौपाडेकर :
इथवर मान्य, पण आतल्या निष्कर्षांनाही हीच कसोटी लावावी. सांख्यमताचा साधक पाहणारा पुरुष (शुद्ध जाणीव) प्रकृतीहून, म्हणजे मन-शरीरासह साऱ्या जड सृष्टीहून, वेगळा आहे असे म्हणतो, तर बौद्ध साधक असा कोणी कायमचा पाहणारा सापडतच नाही असे सांगतो. आणि दोघेही ध्यानाचाच दाखला देतात.