रोजच्या कामासाठी हलकी, फुकट सॉफ्टवेअर्स सुचवा

सांजवारा:
भाषांतराचं काम दिवसभर विंडोजवर चालतं. दोन गोष्टींनी अगदी मेटाकुटीला येते. जुनी फाईल शोधायला घेतली की विंडोजचा शोध रेंगाळत राहतो, आणि नवं काही कॉपी केलं की आधीचं गायब. उपाय आहे का?

कळफलक:
शोधासाठी डोळे झाकून 'एव्हरीथिंग' घ्या. एनटीएफएस (विंडोजची फाईली साठवायची नेहमीची पद्धत) डिस्कवर सगळ्या फाईलींची नोंद ठेवणारा एक तक्ता असतो, तोच ते थेट वाचतं. एकेक फोल्डर धुंडाळत बसत नाही. तीन अक्षरं टाईप करेपर्यंत यादी समोर! नावातले दोन शब्द उलटसुलट क्रमाने टाकले तरी चालतं. मला तर त्याच्याशिवाय आता काम सुचत नाही. मात्र एरवी ते शोधतं फाईलचं नाव, आतला मजकूर नाही.

रानवाट:
कॉपीसाठी आधी विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबून पाहा. 2018पासून ही सोय विंडोज 10मध्येच आहे, फक्त एकदा सुरू करावी लागते. शेवटच्या 25 गोष्टी राहतात, पण पिन न केलेल्या रीस्टार्ट केल्यावर पुसल्या जातात. भाषांतराला हे अपुरं पडेल, म्हणून 'डिटो' टाका. कॉपी केलेलं जुनं बरंच काही जपून ठेवतं, त्यात शोधताही येतं. पासवर्डचं ॲप तेवढं त्याच्या वगळायच्या यादीत घाला, नाहीतर कॉपी केलेले पासवर्डही त्यात साठतील, हे विसरू नका.

सांजवारा:
दोन्ही टाकली. 'डिटो'त सकाळचा परिच्छेद जसाच्या तसा सापडला! मनापासून आभार. पीडीएफसाठीही असंच हलकं काही?

कळफलक:
'सुमात्रा पीडीएफ'. चटकन उघडतं.