अर्जात ‘आर्थिक मदत हवी’ असं लिहावं की नाही?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

बारावीनंतर अमेरिकेत पदवीला जाऊ पाहणाऱ्या मुलांचे अर्ज मी बघून देतो. सांगली-कोल्हापूरकडची मुलं. घरं शिक्षकांची, शेतकऱ्यांची, छोट्या दुकानदारांची. यंदाही एका मुलाला कन्सल्टंटने तोच सल्ला दिला: “अर्जात ‘कॉलेजकडून आर्थिक मदत हवी का?’ असं विचारतात, त्यापुढे सरळ ‘नाही’ लिही. एकदा प्रवेश मिळू दे, पैशाचं मागाहून बघू.” ज्या घरात पैसे नाहीत, त्या घरातल्या मुलाने हे अजिबात ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे.

सल्ल्यामागचं कारण खरं आहे, ते नाकारत नाही. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेशाचा निर्णय घेणारी विद्यापीठं फार थोडी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही जुनी. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन आली, अलीकडे ब्राऊन आणि नोत्र दाम. बाकी जवळपास सगळीकडे, अगदी स्टॅनफर्डलाही, परदेशी मुलाने मदत मागितली की निवडीच्या वेळी ते विचारात घेतात. त्यामुळे मागणाऱ्याची शक्यता कमी होते.

पण ‘मागाहून’ म्हणजे कधी? स्टॅनफर्डचा नियम असा, की परदेशी विद्यार्थ्याने अर्ज करतानाच मदत मागितली नाही, तर पुढे चारही वर्षं मागता येत नाही. इतर अनेक कॉलेजांचंही तसंच. खासगी कॉलेजचा सगळा खर्च धरला तर वर्षाला ८५ ते ९० हजार डॉलर होतात. रुपयांत पाऊण कोटीच्या आसपास. पहिल्या वर्षाचे पैसे दाखवल्याशिवाय आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद, मिळत नाही, आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्ज नाही. म्हणजे प्रवेशाचं पत्र हातात असलं तरी मुलगा घरीच. कन्सल्टंटची फी मात्र तोवर चुकती झालेली असते.

वडगावकर

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण पटलं नाही. आमच्यासारखी घरं तुम्ही विसरताय. फार गरीब नाही, फार श्रीमंत नाही. मुलाच्या वेळी आम्ही गावाकडचा प्लॉट विकायची तयारी ठेवली आणि ‘नाही’ लिहिलं. प्रवेश झाला, प्लॉट गेला, मुलगा शिकतोय. मदत मागितली असती तर बहुधा नकारच आला असता. स्वतःहून शक्यता का घटवायची?

कृष्णाकाठ

वडगावकर, तुमची विकायची तयारी होती, म्हणजे तुमचं ‘नाही’ खरं होतं. त्याला माझा आक्षेप नाही. मी बोलतोय ते ज्यांच्याकडे विकायला प्लॉटच नाही त्यांच्याबद्दल. त्यांना हाच सल्ला देणं म्हणजे आईबापाला सावकाराच्या दारात उभं करणं.

नाशिकची आई

मुलीच्या वेळी आम्हीही ‘नाही’ लिहिलं होतं. तेव्हा ह्यांचा धंदा चांगला चालला होता. दुसऱ्या वर्षी धंदा बसला. कॉलेजला पत्रं लिहिली, बँकेचे कागद पाठवले, मुलगी स्वतः ऑफिसात जाऊन रडली. उत्तर एकच: परदेशी विद्यार्थ्यांसाठी तरतूद नाही. मार्क उत्तम असून एक सत्र सोडून तिला परत यावं लागलं. आज पैसे आहेत म्हणून ‘नाही’ लिहिणाऱ्यांनीसुद्धा चार वर्षांचा हिशेब मांडावा, एवढंच सांगते.

प्रयोगवही

तुम्ही सगळे मुळात चुकीच्या टप्प्यावर भांडताय. पदवीसाठी जायचंच कशाला? इथे विज्ञानासाठी आयसर आहे, चांगली विद्यापीठं आहेत. पदवी इथे करा आणि पीएचडीला जा. विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएचडीला तिकडे बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर महिन्याला स्टायपेंड. मी तसाच आलो, घरून दमडी घेतली नाही. सतराव्या वर्षी बापाच्या ऐपतीची परीक्षा देण्यापेक्षा बाविसाव्या वर्षी स्वतःच्या कामावर निवड होणं केव्हाही चांगलं.

कृष्णाकाठ

दादा, मार्ग चांगला आहे, मीही अनेकांना तोच सुचवतो. पण संशोधनाच्या निधीला कात्री लागल्यावर २०२५ मध्ये तिथल्या काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, हेही मुलांना सांगायला हवं. शिवाय ज्याला नाटक, तत्त्वज्ञान आणि गणित एकत्र शिकायचंय, त्याने आयसरला जावं असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

भीमाकाठ

मला या चर्चेतली लाजेची भाषा खटकते. मदत मागणं म्हणजे कमीपणा, ती लपवली पाहिजे, असं गृहीत धरून सगळं चाललंय. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड. पुढे लंडनचं शिक्षण पुरं करायला शाहू महाराजांची मदत झाली. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

आणि आज? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो की केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. केंद्राच्या योजनेत २०२५ मध्ये १०६ जण निवडले गेले आणि पत्रं आधी फक्त ४० जणांना मिळाली. बाकीच्यांना सांगितलं, निधी आला तर देऊ. आमच्या वस्तीतल्या बारावीच्या मुलीला पदवीसाठी बाहेर जायचं तर कॉलेजची मदत हा एकच रस्ता उरतो. तिलाही ‘नाही’ लिही म्हणून सांगणार का?

वडगावकर

भीमाकाठ, लाजेचा प्रश्नच नाही हो. नियम कॉलेजांनी केलेत, आपण नाही. नियम असा असेल तर त्यातून वाट काढणं हा गुन्हा नव्हे. सर, तुमच्या सांगण्यावरून मदत मागितली आणि सगळीकडून नकार आला, तर त्या मुलाला काय सांगणार?

कृष्णाकाठ

मदतीसह प्रवेश मिळाला नाही, असंच सांगेन. त्या मुलाला न परवडणारा प्रवेश मिळाला काय आणि न मिळाला काय, सप्टेंबरमध्ये तो इथेच असणार. फरक इतकाच, की खरं लिहिलं तर निदान एखाद्या ठिकाणी पैशासह बोलावणं येण्याची शक्यता राहते. खोटं ‘नाही’ लिहिलं की तीही संपली.

आणि तुमच्यासारख्या मधल्या घरांसाठी आणखी एक वाट आहे. जेवढं जमतं तेवढं प्रामाणिकपणे दाखवा आणि उरलेलं मागा. वर्षाला २० लाख भरू शकणारं घर आणि २ लाख भरू शकणारं घर कॉलेजच्या हिशेबात सारखं नसतं.

बारावी सायन्स

सर, आमच्याकडे आयटीआर नाही, शेती आहे. सातबाऱ्यावर आजोबा, दोन काका आणि बाबा. सीएसएस प्रोफाइलमध्ये, म्हणजे मदतीसाठी भरायच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, जमिनीची किंमत विचारतात. सगळी लिहिली तर आम्ही कोट्यधीश दिसतो.

वडगावकर

जमीन लिहूच नकोस. त्यांना कसं कळणार?

कृष्णाकाठ

कृपा करून असं सांगू नका. मदत मिळाल्यावरही कागद मागवतात, आणि लपवलेलं निघालं तर प्रवेश रद्द होऊ शकतो.

बाळ, फक्त बाबांचा हिस्सा लिही. वाटणी झाली नसेल तर अंदाजे हिस्सा लिहून, विशेष परिस्थितीचा रकाना असतो तिथे साध्या इंग्रजीत समजाव: जमीन चौघांची आहे, तिच्यावर घर चालतं, एकट्याला विकता येत नाही, शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही म्हणून विवरणपत्र नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि त्याचं नोटरी केलेलं भाषांतर तयार ठेव. पीक कर्जाची नोंदही दाखव, लोक ती विसरतात. सीएसएसची फी पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढे प्रत्येकी १६. ती भरण्याआधी कॉलेजला मेल करून माफी मिळते का विचार. काही कॉलेजं कोड देतात, काही दुसरा मोफत फॉर्म चालवून घेतात. यादी इथे टाक. प्रत्येक कॉलेजची मदतीची शेवटची तारीख वेगळी असते, ती आधी बघू.